बिनपायऱ्यांची गिटार

लोटन जिभाऊंकडे सायकल दुरुस्तीला टाकली की ती परत मिळायला फार वेळ लागे. याचे कारण आळस नव्हे, श्रवण होय. चाक सरळ आहे की नाही हे इतर मिस्त्री डोळा लावून पाहतात. जिभाऊ कान लावीत. चाक मांडीवर आडवे घेऊन ते एकेक आरा तर्जनीने छेडीत, आणि त्याचा स्वर शेजारच्या आऱ्याशी जुळेपर्यंत ते चाक हातावेगळे करीत नसत. गिऱ्हाईक कितीही घाईत असो, "हाऊ आरा बोलत नही," एवढेच उत्तर त्याला मिळे. पुढे ती सायकल नंदुरबारच्या खडबडीत रस्त्यांवर दोन दिवसांत पुन्हा बेसूर होई, हा भाग वेगळा.

जगातील समस्त वस्तूंचे जिभाऊंनी दोनच वर्ग केले होते: बोलणाऱ्या आणि न बोलणाऱ्या. कोणाच्याही घरी गेले की ते आधी सगळे वाजवून पाहत. आमच्या घरी प्रथम आले तेव्हा त्यांनी माझी छत्री, कंपासपेटी, पाण्याचा हंडा आणि भिंतीवरचे घड्याळ यांवर क्रमाने टिचकी मारली आणि शेवटी निर्णय दिला की या घरात बोलणारी वस्तू एकच, ती म्हणजे आमच्या मंडळींचा पितळी खल. मंडळींना हा निर्णय इतका पटला की त्या दिवसापासून जिभाऊंना चहात वेलदोडा मिळू लागला.

माझी ओळख करून देणे येथे आवश्यक आहे. मी हायस्कुलात भूमिती आणि विज्ञान शिकवीत असे. कोणी न विचारता एखादी गोष्ट समजावून सांगण्याची मला सवय होती. आमच्या घरात तिला "तास घेणे" असे नाव होते. "अहो, भाजीवाल्याचा तास झाला असेल तर भाजी घेऊन या," असे आतून ऐकू आले की मी गप्प बसत असे. जिभाऊ मात्र माझा तास पूर्ण ऐकून घेत. ते काहीसे मान खाली घालून ऐकत, आणि मी त्याचा अर्थ आदर असा लावी. ते माझ्या वाक्यांची चाल ऐकत असत, अर्थ नव्हे, हे मला फार उशिरा कळले.

जिभाऊंची जमीन तापीकाठी होती आणि ती भाऊ कसत असे. स्वतः जिभाऊंनी आमच्या गल्लीच्या तोंडाशी सायकलींचे दुकान टाकले होते. मुलगी रांगती असतानाच बायको गेली. त्यांनी दुसरे लग्न केले नाही. मुलीला, इंदूला, त्यांनी दुकानातच वाढवले. तिचा पाळणा सायकलींच्या टायरांखाली आढ्याला टांगलेला असे. जिभाऊंना सगळे करता येत होते, अंगाई तेवढी म्हणता येत नव्हती. त्यांचा कान जितका तयार, तितकाच गळा नापास. त्यांनी सूर लावला की तेल न घातलेली साखळी दातांवरून घसरल्याचा भास होई. एकदा त्यांनी पाळण्याशी गाण्याचा प्रयत्न केला तेव्हा पोरीला काहीतरी चावले असे समजून गल्लीतल्या चार बायका धावत आल्या. त्यानंतर ते गाण्याच्या वाटेला गेले नाहीत.

इंदू मोठी झाली, आणि तापीपलीकडे कळसाडीला दिली गेली.

आता गिटारीकडे वळू. मी रेडिओ नुकताच घेतला होता. रेडिओ ऐकायला तेव्हा सरकारी परवाना लागे; तो मी चौकट करून भिंतीवर लावला होता. एका संध्याकाळी ओसरीवर तो चालू असताना जिभाऊ माझी सायकल घेऊन आले आणि सायकल हातात धरूनच थबकले. रेडिओवर शब्दांवाचून एक चाल वाजत होती.

"हाई कोन बाई गाई ऱ्हायनी, गुरुजी?" त्यांनी विचारले.

मी हसलो, आणि तास घेतला. ही बाई नसून गिटार आहे. तीही साधी नव्हे, विजेवर चालणारी. ती मांडीवर आडवी ठेवतात. डाव्या हातातला लोखंडी गज तारेवर सरकवला की स्वरही सरकतो. तारेखाली लोहचुंबक आणि तांब्याच्या तारेची गुंडाळी असते, इत्यादी. हे सर्व मी अधिकारवाणीने सांगितले. माझा अधिकार असा, की पुण्यास शिकत असताना एका स्नेहसंमेलनात मी असे वाद्य मागच्या रांगेतून पाहिले होते, आणि त्याची पेटी तर अगदी जवळून.

जिभाऊंनी चाल संपेपर्यंत सायकल खाली ठेवली नाही. मग म्हणाले, "माले हाई बनावनी शे. आखाजीले इंदू यी. तवलगून हाई बोलाले पाहिजे."

आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया. आमच्या खानदेशात हा लेकींचा सण. माहेरचा कोणीतरी मुराळी होऊन सासरी जातो आणि लेकीला घेऊन येतो; गल्लोगल्ली निंबाला झोके बांधतात, आणि लेकी झोक्यावर गाणी म्हणतात. लग्न झाल्यापासून दोन आखाज्या इंदूच्या सासरच्यांनी तिला पाठवले नव्हते. एकदा घरात आजारपण, एकदा लग्नकार्य. यंदा सासूने शब्द दिला होता. पण ती आली तर गिटार कशाला, हे मला कळेना. मी तर्क केला की जावयावर छाप पाडायची असेल. हा तर्क मी मंडळींना सांगितला. त्या म्हणाल्या, "तुम्ही भूमितीच शिकवा."

कामाला आरंभ झाला. मी स्वतःची नेमणूक सल्लागार म्हणून करून घेतली आणि मोठ्या कागदावर वाद्याचा आराखडा काढला: वरून, बाजूने आणि छेद घेऊन. तारेची लांबी आणि स्वर यांचा संबंध मी नववीला शिकवीत असे, तेव्हा दांडीवर पितळी पट्ट्या कोठे बसवाव्यात याचे गणित मी करून दिले. स्वरासाठी इतकी काटेकोर शिडी खानदेशात कोणी काढली नसेल, असे मला वाटले. जिभाऊंनी कागद पाहिला, मान हलवली आणि म्हणाले, "पायऱ्या नको, गुरुजी. मानूस गास तवय पायऱ्या चढस का? आवाज घसराले पाहिजे."

मी त्यांना समजावले की पट्ट्यांवाचून नवशिक्याला स्वराची जागा सापडणार नाही. त्यांनी सर्व ऐकून घेतले. दुसऱ्या दिवशी मला माझा आराखडा दुकानात दिसला: त्यावर गिटारीचा सांगाडा ठेवून कडेने खडूची रेघ मारलेली होती, आणि पट्ट्यांच्या सर्व जागांवर सरस सांडलेला होता.

सांगाड्याचे लाकूड म्हणजे जुन्या सागवानाची एक फळी होती. तिचा आवाज जिभाऊंना फार पसंत होता. ती कोठून आली हे त्यांनी सांगितले नाही. पुढे त्यांच्या भावाच्या बैलगाडीतून वाटभर कापूस सांडू लागला तेव्हा ते आपोआप कळले. भाऊ तावातावाने दुकानात आला. जिभाऊंनी फळीवर टिचकी मारून त्याला ऐकवली आणि विचारले की इतकी वर्षे ही गाडीखाली बोंबलत होती, तुला ऐकू नाही आली? भाऊ काही क्षण खरोखरच विचारात पडला, आणि त्या क्षणांत भांडणाचा जोर गेला.

खुंट्या मिळेनात. तेव्हा आऱ्याच्या टोकाला चाकाशी जी लहानशी पितळी टोपी असते, जिला दुकानात निपल म्हणतात, ती जिभाऊंनी खुंटीच्या जागी बसवली. त्यामुळे ही गिटार सायकलचे आरे पिळायच्या चावीने सुरात लावावी लागे. तारांसाठी ते स्वतः आगगाडीने सुरतेला गेले आणि सतारीच्या पोलादी तारा घेऊन आले. त्यांना उशीर झाला, कारण दुकानातले प्रत्येक वाद्य त्यांनी टिचकी मारून पाहिले. शेवटी दुकानदाराने हात जोडले, असे ते अभिमानाने सांगत.

तांब्याच्या तारेची गुंडाळी हा भाग माझ्याकडे होता. जळलेल्या पंख्यातून केसासारखी बारीक तार काढली. ती गुंडाळण्यासाठी शाळेतला सूतकताईचा पेटीचरखा मी हेडमास्तरांच्या परवानगीने घरी आणला. अर्जात "शैक्षणिक प्रयोग" असे कारण लिहिले. जिभाऊ चाक फिरवीत, मी वेढे मोजी. मी मोठ्या आकड्यापर्यंत पोहोचलो की जिभाऊ काहीतरी विचारीत. उदाहरणार्थ, कळसाडीला यंदा पाऊस कसा होता, किंवा सासू दिलेला शब्द फिरवील का. मी सविस्तर उत्तर देई आणि आकडा विसरे. शेवटी किती वेढे झाले हे कोणासच ठाऊक नाही. प्रयोगाच्या दृष्टीने ही गोष्ट अक्षम्य आहे, पण गुंडाळी चालली, आणि विज्ञानाने तक्रार केली नाही.

लोहचुंबक निवडताना जिभाऊ चुकले. जितका जोर जास्त, तितका आवाज मोठा असे धरून त्यांनी एक दांडगा चुंबक आणला. तो बसवताच तारा खाली ओढल्या जाऊन त्याला चिकटल्या आणि सुटेनात. दोघांनी मिळून एकेक तार सोडवली. मग सायकलच्या डायनामोतला लहान चुंबक बसवला, आणि गुंडाळीची दोन्ही टोके माझ्या रेडिओला जोडायची ठरली. रेडिओच्या पाठीस ग्रामोफोन जोडण्यासाठी दोन भोके असतात. त्यातून गिटारीचा आवाज रेडिओच्या कर्ण्यातून यावा, अशी योजना होती. परवान्यात हे बसते की नाही, याचा मी विचार केला. परवाना ऐकण्याचा होता, बोलण्याचा नव्हे. मी तो पुन्हा एकदा वाचून पाहिला, आणि या मुद्द्यावर तो गप्प असल्याचे पाहून चौकट भिंतीकडे तोंड करून ठेवली.

आता पॉलिशचा प्रसंग सांगितला पाहिजे, कारण त्याचा दोष वाटून घेता येत नाही. पॉलिश लावल्यावर वाद्य मोकळ्या हवेत, भरपूर उन्हात आणि वर्दळीपासून दूर वाळू द्यावे, असे मी एका पुस्तकात वाचले होते, आणि तसे जिभाऊंना नीट समजावून सांगितले. आमच्या गावात मोकळी, भरपूर उन्हाची आणि वर्दळीपासून दूर जागा म्हणजे गावाबाहेरच्या पथारी; जिथे व्यापारी लाल मिरची वाळत घालतात. हंगाम शेवटच्या टप्प्यात होता. जिभाऊंनी एका ओळखीच्या व्यापाऱ्याच्या पथारीच्या कडेला ओली गिटार ठेवली. दोन दिवस वारा होता. गिटार परत आली तेव्हा तिला असा काही गर्द लाल रंग चढला होता की आम्ही दोघेही पाहत राहिलो. "रंगबी बोली ऱ्हायना," जिभाऊ म्हणाले. मी तिच्यावरून कौतुकाने हात फिरवला, चष्मा सारखा केला, डोळे पुसले आणि शाळेत गेलो.

पहिल्या तासाला नववीत त्रिकोणाच्या कोनांची बेरीज शिकवताना माझ्या दोन्ही डोळ्यांतून धारा लागल्या. मी जितके डोळे पुसले तितक्या त्या वाढल्या. वर्गात कधी नव्हे ती शांतता पसरली. शेवटी वर्गप्रमुख उठला आणि गंभीरपणे विचारू लागला की गुरुजींच्या घरी काही वाईट घडले असल्यास आज शाळेला सुट्टी आहे का. मी नाही म्हणालो, तेव्हा वर्ग खरोखरच दुःखी झाला.

सर्व पॉलिश खरवडून काढावे लागले. दुसऱ्यांदा लावले तेव्हा धूळ बसू नये म्हणून गिटार आमच्या मच्छरदाणीत ठेवण्यात आली. मच्छरदाणी एकच होती. आठवडाभर गिटार आत झोपली आणि मी बाहेर. मंडळी म्हणाल्या, "ती निदान टिचकी मारली तरच बोलते."

आखाजीला चार दिवस उरले तेव्हा गिटार तयार झाली. इंदूचा चुलतभाऊ मुराळी होऊन कळसाडीला गेला. जिभाऊ रोज दुपारी दुकानाचे दार अर्धे ओढून घेत आणि आत तीच एक चाल पुन्हा पुन्हा लावून पाहत. कोणती ते ओळखू येत नसे. मी एखादे प्रसिद्ध गाणे बसवण्याची सूचना केली, म्हणजे लोकांना आवडेल. त्यांनी मान हलवली. चालीत एक जागा होती, तिथे स्वर वर जाऊन मध्येच वळून खाली येई. ती जागा त्यांच्या हातून सुटे, आणि ते पुन्हा आरंभापासून सुरुवात करीत. दोनदा त्यांनी गज खाली ठेवून मला विचारले की मुराळी परत यायला इतका वेळ का लागतो. मी अंतर, ऊन आणि बैलांचा वेग यांवरून त्यांना हिशोब सांगितला. तो त्यांनी ऐकलाच नाही.

इंदू आली. ती अंगाने थोडी वाळली होती आणि कपाळावरचा पदर सारखा पुढे ओढत होती. ती आमच्या दारी येऊन मंडळींच्या पाया पडली तेव्हा मी जिभाऊंकडे पाहिले. ते उभ्या उभ्या एका सायकलची घंटी पुसत होते. ती आधीच लखलखत होती.

आखाजीच्या दुपारी गल्लीच्या निंबाला झोका बांधला. समोर जिभाऊंच्या दुकानाच्या ओट्यावर माझा रेडिओ आणून ठेवला, वायर ओढली, आणि मी आवाजाच्या बटणाशी बसलो. ते बटण कोणाच्या हाती द्यायला मी तयार नव्हतो. जिभाऊ धुतलेला सदरा घालून गिटार मांडीवर घेऊन बसले. बायका झोक्याभोवती जमल्या होत्या. एक म्हणाली, "जिभाऊ, आज चाक कोनं नही मिळनं का? फळीच घेई बसनात?" सगळ्या हसल्या. जिभाऊही हसले.

इंदू झोक्यावर नव्हती. ती मागे उभी राहून दुसऱ्यांना धक्के देत होती. मला आठवले की लग्नाआधीही ती तेच करी. मुली एकेक करून झोक्यावर बसत आणि आपापल्या आईकडून आलेले गाणे म्हणत. इंदूची पाळी आली की ती घसा दुखतो असे सांगून पुन्हा धक्के द्यायला जाई. मी तेव्हा तिला लाजाळू समजलो होतो आणि मुलींनी धीट असावे या विषयावर तिचा एकदा तासही घेतला होता.

गाणी थांबली, तेव्हा जिभाऊंनी मला खूण केली. मी बटण फिरवले. आधी रेडिओ नुसता घुमला. बायका कानावर हात ठेवून मागे सरल्या. मग गज तारेवर सरकला आणि ती चाल बाहेर आली. आखाजीच्याच गाण्यांसारखी होती, पण आमच्या गल्लीतल्या कोणत्याच गाण्याची नव्हती. ती हळू चढली, त्या अवघड जागेशी आली, वळली, आणि खाली उतरली. या वेळी ती जागा सुटली नाही.

इंदूने झोक्याचा दोर सोडला. ती ओट्याशी आली. "बापू, हाई चाल कोनी शे?"

"तुन्ही मायनी," जिभाऊ म्हणाले. त्यांनी मान वर केली नाही. "ती गुजरातकडली. तिना गावनी चाल आठे कोनले येत नही. या निंबलेच झोका व्हता. मी दुकानमा बसे. शब्द मन्हालगून पोचेत नही. चाल पोचे."

आणखी एक वाक्य त्यांनी अर्धेच सांगितले: तुला म्हणून दाखवली असती, पण मन्हा गळा.

इंदू ओट्याच्या पायरीवर बसली. आमच्या मंडळींनी डोक्यावरचा पदर नीट केला आणि त्या माझ्याकडे पाहू लागल्या, जणू मी आता काही समजावून सांगेन आणि ते मला करू द्यायचे नाही असे त्यांनी ठरवले होते. मी बटणच धरून बसलो.

जिभाऊंनी चाल पुन्हा आरंभापासून घेतली. तिसऱ्या खेपेला इंदू गुणगुणू लागली. अवघड जागेशी ती चुकली. जिभाऊ थांबले, तीच ओळ सावकाश दिली, ती पुन्हा चुकली, त्यांनी पुन्हा दिली. पुढल्या खेपेला तिचा आवाज वर जाऊन बरोबर वळला.

तेव्हा जिभाऊंनी माझ्याकडे पाहून डोळ्यांनी काही खुणावले. जोडणीत काही बिघडले असे समजून मी घाईने रेडिओच्या मागे वाकलो आणि वायरी चाचपू लागलो. त्यांनी मान हलवली, आणि हनुवटीने बटणाकडे खूण केली. कमी करा. मी थोडे कमी केले. आणखी. मी आणखी कमी केले. इंदू झोक्याकडे परत गेली होती, आणि या वेळी ती त्यावर बसली. एक बाई मागून धक्का देत होती. इंदूचे गाणे शब्दांवाचून निंबाखाली जात येत होते. जिभाऊंनी पुन्हा खूण केली, तेव्हा बटण पार शेवटाला गेले आणि टक् असा आवाज होऊन रेडिओ बंद झाला.

जिभाऊंचा गज तारेवर तसाच सरकत राहिला, कोणाला ऐकू न येता, तिच्या मागोमाग.